सोनाळ्याची एसटी आणि रमजानचा नंबर

सोमवार, ६ जानेवारी २०२५
पुण्यात सहा वर्षं ‘मला-तुला’ करून जीभ आखडून गेली. ही वही माझी आहे. इथं मी ‘मले-तुले’च लिहीन. ज्याले हसू येईल त्यानं मिटून ठेवावी.

दिवाळीत कंपनीनं आमच्या टीमले घरी बसवलं. तवापासून वडनेरले माय अन् मी, दोघंच. माय रोज इचारते, "प्रसेनजित, परत कधी जातं?" शेजारच्या बायाही इचारतात. आज पहिल्यांदा उत्तर भेटलं. नांदुऱ्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसचा वार्ड आहे, पाच मशीनचा. तिथले सेक्रेटरी हिंमतराव सर मले शाळेत गणित शिकवायचे. म्हणाले, "लेका, तू एवढा सॉफ्टवेअरवाला, आमच्या पेशंटचे नंबर लावणारा प्रोग्राम करून दे. रोज भांडणं होतात."

मी हो म्हटलं. इचार करायले एक मिनिटही घेतलं नाई. बाबा चार वर्षांपूर्वी याच दुखण्यानं गेले. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात स्ट्रेचरवर पडून होते, अन् समोर एक मशीन दोन घंटे रिकामं. ज्याचा नंबर होता तो आला नव्हता, अन् दुसऱ्याले बसवायचा हुकूम नव्हता. ते रिकामं मशीन मी आतापर्यंत विसरलो नाई. माझ्या प्रोग्राममध्ये मशीन एक मिनिटही रिकामं राहणार नाई, हे आधीच लिहून ठेवतो.

गुरुवार, ९ जानेवारी
वार्ड पाहून आलो. अरे बापा! नंबर लावायची पद्धत काय, तं बाकड्यावर पिशवी ठेवायची. पिशवी पहिली तं माणूस पहिला. अन् ज्याची पिशवीही पोचली नाई त्याच्यासाठी एसटीचा कंडक्टर जळगाव जामोदवरून योगिनी सिस्टरले फोन करते, "मॅडम, सोनाळ्याचे तीन पेशंट गाडीत आहेत, जागा धरा." मंग सिस्टर स्वतःची ओढणी टाकते बाकड्यावर. मले हसू आवरेना. पुण्यातल्या पोरांले सांगतलं असतं तं त्यांनी मीटिंगमध्ये हेच दाखवलं असतं.

इकडच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. घरोघरी किडनीचं दुखणं. एकेक माणूस हप्त्यातून दोनदा येते, चार घंटे मशीनवर पडते, अन् तीन दिवस जगायची सोय करून जाते.

आज एक जोडपं भेटलं. सोनाळ्याचे शाकिरचाचा, टेलर, अन् त्यांची बायको जहांआरा चाची. चाची सोमवार-गुरुवारची. चाचा तिच्याबरोबर येतात अन् चार घंटे बाहेर बसून बटनाचे काज करतात. मी कोण ते कळल्यावर चाची म्हणाली, "बेटा, कम्प्युटरमध्ये आमचं नाव आधी लिही. आम्ही लय दुरून येतो." म्हटलं, "चाची, कम्प्युटरमध्ये आधी-मागं नसते, सगळ्यांले सारखा न्याय." ती हसली. काऊन हसली कोण जाणे.

बुधवार, १५ जानेवारी
आज पाया घातला. बेस क्लास: ‘रुग्ण’. सगळ्या रुग्णांत जे सारखं आहे ते एकदाच इथं लिहायचं. नाव, वार, वेळ. अन् तीन मेथड: नंबर लावणे, वाट पाहणे, मशीन सोडणे. ‘वाट पाहणे’ म्हणजे वेळेवर माणूस आला नाई तं पंधरा मिनिटं थांबायचं, नंतर मशीन पुढच्याले देऊन टाकायचं अन् आधीच्याले ‘गैरहजर’ लिहायचं. ज्या रुग्णांचं काही वेगळं असेल त्यांचा वेगळा क्लास, तो बेस क्लासमधून निघेल, अन् फक्त जेवढं वेगळं तेवढं नव्यानं लिहील. म्हणजे ओव्हरराइड करील. बाकी सगळं आपोआप बेस क्लासचंच लागू.

लय दिवसांनी काम करताना भूक विसरलो. माय दोनदा ताट घेऊन आली, दोनदा परत गेली.

सोमवार, २० जानेवारी
शाकिरचाचांनी इचारलं, एवढं काय लिहीत असतो. मी सांगायले सुरुवात केली अन् त्यांनी अर्ध्यातच पकडलं. "म्हणजे शर्टाचा कागदी खाका. खाका एकच, दुकानात खिळ्याले टांगलेला. एकाले गळा मोठा पायजे, तं गळ्यापुरता नवा कागद कापायचा. बाकी खाका तोच." मी उडालोच! कंपनीत नव्या पोरांले हे समजवायले दोन दिवस लागत.

मंग म्हणाले, "पण ज्याचं पोटही मोठं अन् हातही आखूड, त्याले कोणता कागद लावतं?"

म्हटलं, "अशे गिऱ्हाइक कमी असतात चाचा."

"माझ्याकडं तं सगळे तशेच येतात बेटा," म्हणून ते परत काज करायले लागले.

सोमवार, ३ फेब्रुवारी
प्रोग्राम सुरू! भिंतीवर स्क्रीन, त्यावर नावं. पिशव्यांवर बंदी. हिंमतराव सरांनी नारळ फोडला, योगिनी सिस्टरनं पेढे वाटले. पेशंटनंही खाल्ले, ज्यांले खायची मनाई त्यांनीही. मशीन दिवसभरात रिकामं: चार मिनिटं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
तोंडावर पडलो. सोनाळ्याची एसटी पन्नास मिनिटं लेट, स्क्रीननं पंधरा मिनिटांत तिघांचे नंबर दुसऱ्यांले दिले. शाकिरचाचांनी वार्डात आवाज चढवला, "सकाळच्या अंधारात निघालेला माणूस गैरहजर कसा होईल बे?" पूर्ण दवाखाना जमा. सिस्टरनं कसंतरी संध्याकाळपर्यंत तिघांले बसवलं. मी तिच्यासाठी ‘हातानं बसवा’ हे बटन ठेवलं होतं, त्यावरून.

घरी येऊन एका घंट्यात दुरुस्त केलं. नवा क्लास: ‘बसचा रुग्ण’. त्यात ‘वाट पाहणे’ ओव्हरराइड केली. पंधरा नाई, नव्वद मिनिटं थांबायचं, तोवर गावातल्या माणसाले आधी घ्यायचं, पण बसवाल्याची जागा सोडायची नाई. प्रत्येकाच्या नावापुढं ‘प्रकार’ म्हणून एक खाना, त्यातून एक निवडायचं: साधा, बसचा, रेल्वेचा. सुंदर काम झालं. बेस क्लासले हातही लावा लागला नाई.

सोमवार, १७ फेब्रुवारी
दीड हप्ता झाला, एकही भांडण नाई. आज एसटी सव्वा घंटा लेट होती. चाची आली, स्क्रीनवर तिचं नाव तसंच हिरवं. मले म्हणाली, "आजपर्यंत मोटार थांबली नाई आमच्यासाठी, मशीन थांबलं. खुश रहा बेटा." मले लय बरं वाटलं. मायले सांगतलं. माय म्हणाली, "तुया बाबाले थांबलं असतं एखादं, तं."

सोमवार, २४ फेब्रुवारी
रविवारपासून रमजान लागेल. आमच्याकडं चार मुसलमान पेशंट. नांदुऱ्याचे तिघं, कादरभाई धान्यवाले धरून, अन् सोनाळ्याची जहांआरा चाची. चौघंही हिंमतराव सरांकडं गेले. म्हणणं एवढंच, की सकाळी आठची बॅच द्या, म्हणजे इफ्तारच्या आधी घरी पोचून अंग टाकता येईल. डायलिसिसच्या दिवशी रोजा ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे. कादरभाई हो म्हणाले. चाचीनं मान हालवली, पण हो म्हणाली का नाई ते कळलं नाई.

सर मले म्हणाले, "जमते काय?" म्हटलं, "सर, यासाठीच तं बेस क्लास असते."

गुरुवार, २७ फेब्रुवारी
‘रमजानचा रुग्ण’ तयार. अर्ध्या घंट्यात! ‘नंबर लावणे’ ओव्हरराइड केली: आठची बॅच, चौघांले आधी. बाकी सगळं बेस क्लासचं. ईद झाली का हा प्रकार आपोआप बंद होईल अन् सगळे आपापल्या जुन्या प्रकारात जातील. चौघांच्या नावापुढचा खाना मी स्वतः बदलला. चाचीच्या नावापुढं ‘बसचा’ होतं, ते काढून ‘रमजानचा’ केलं. माझ्याकडून रमजानची भेट, असं चाचीले म्हटलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. शाकिरचाचा म्हणाले, आता ईदपर्यंत ते येणार नाईत. कपडे शिवायचा हाच महिना, गावातलं प्रत्येक लेकरू त्यांच्या दारात उभं. चाची एकटी येईल. "तुह्या भरवशावर पाठवतो बेटा." म्हटलं, बिनधास्त रहा.

सोमवार, ३ मार्च
रमजानची पहिली बॅच. सगळं बराबर. शेजारच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यातून फोन आला, त्यांले आमचा प्रोग्राम पाहायचा आहे. वीस तारखेले येतात. हे जमलं तं मी पुण्याले परत नाई जाणार. मायले अजून सांगतलं नाई, दृष्ट लागते.

सोमवार, १० मार्च
योगिनी सिस्टरशी वाजलं. रिपोर्ट काढला तं ‘हातानं बसवा’ बटन तीन तारखेले दाबलेलं, सहाले दाबलेलं, आज परत. म्हटलं, "सिस्टर, तुम्ही हातानं बसवता मंग प्रोग्राम कायले?" ती सलाईन लावत होती, वर न पाहता म्हणाली, "तुहा प्रोग्राम चांगला आहे रे, पण रमजानवाल्यांचं जरा पाह्य. सगळे गावातले नाईत." म्हटलं, मी सगळं पाहूनच केलं आहे. तिनं फक्त "बरं" म्हटलं. हे ‘बरं’ मले लय लागलं. पुण्यात मॅनेजर असाच ‘ओके’ म्हणायचा.

हातानं बसवलं का मशीनच्या रिकाम्या मिनिटांचा हिशोबच बिघडते. वीस तारखेले पाव्हण्यांले काय दाखवू? घरी येऊन ते बटन बंद केलं. आता ते फक्त माझ्या पासवर्डनं उघडते. सिस्टरले उद्या सांगीन.

गुरुवार, १३ मार्च
होळी. सिस्टरले बटनाचं सांगायचं राहून गेलं. तिनंच फोन करून इचारलं, बटन काऊन चालत नाई. एसटी आज पंचवीस मिनिटं लेट होती म्हणे. म्हटलं, असू द्या, आजच्या दिवस उघडतो. पासवर्ड टाकून उघडलं, काम झाल्यावर परत बंद केलं.

शनिवारपासून सिस्टर सुटीवर. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस येणार नाई. बदली सिस्टर नवी आहे, पण स्क्रीन वाचता आली का झालं. प्रोग्राम याच्यासाठीच असते, का कोणाच्या असण्या-नसण्यावर वार्ड अडू नाई.

सोमवार, १७ मार्च
आजचा रिपोर्ट: मशीन रिकामं शून्य मिनिटं. शून्य! स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

साडेबाराच्या सुमाराले वार्डात गेलो तं चाची बाहेर बाकड्यावर बसलेली, डोक्यावर पदर ओढून. "झालं का चाची?" तिनं मान हालवली. परतीची एसटी दीडची, तोवर बसावंच लागते बिचारीले. नवी सिस्टर कामाची आहे, प्रश्न इचारत नाई.

गुरुवार, २० मार्च
पाव्हणे येऊन गेले. दोन डॉक्टर अन् एक मॅनेजर. स्क्रीन पाहून खुश. "एक मिनिटही मशीन रिकामं नाई?" म्हटलं, "नाई सर." तिघांनी हात मिळवले. पुढच्या महिन्यात काम सुरू करायचं म्हणाले.

त्यांले वार्ड दाखवत होतो तवा चाची बाकड्यावर होती. पाय लय सुजलेले, चपलेत मावत नव्हते, टाचा बाहेर. तोंडही भरल्यासारखं. दम लागत होता. मी पाव्हण्यांसमोर म्हटलं, "या आमच्या सोनाळ्याच्या चाची. झालं ना चाची?"

"हो बेटा, झालं."

मंग हळूच म्हणाली, "तुहं मशीन बराबर चालून राह्यलं ना?"

म्हटलं, "एकदम!"

"मंग बरं. आमचीच एसटी लेट असते."

मॅनेजर म्हणाला, पेशंटही समाधानी दिसतात. मले वाटलं, चाची रोजे धरत असेल, म्हणून थकली असेल. डॉक्टर ओरडतात तरी या बाया ऐकत नाईत.

आज मायले सांगतलं का मी इथंच राहतो. मायनं खीर केली.

सोमवार, २४ मार्च
जहांआरा चाची गेली. शनिवारी पहाटे, घरीच. सहेरीले उठली होती, दम कोंडला, गाडी येईपर्यंत संपलं. कादरभाईनं सांगतलं. लय वाईट वाटलं. डायलिसिस होऊनही माणसं जातात, बाबांच्या वेळी पाह्यलं आहे. कोणाचं काही चालत नाई.

यादीतून तिचं नाव काढावं लागलं. ‘रुग्ण काढा’ दाबलं, प्रोग्रामनं इचारलं, ‘नक्की?’ हा प्रश्न मीच लिहिला होता.

सोमवार, ३१ मार्च
ईद. कादरभाईकडं शिरखुर्मा घेतला. सोनाळ्याले जायचं म्हणत होतो. नाई गेलो.

बुधवार, २ एप्रिल
हे लिहायले हात होत नाई, पण लिहितो.

योगिनी सिस्टर काल हजर झाली. आज दुपारी मले बोलावलं. तिच्या समोर चाचीची फाइल होती. म्हणाली, "प्रसेनजित, तेरा तारखेनंतर हिचं डायलिसिसच नाई रे."

म्हटलं, असं कसं, सतरा अन् वीस, दोन्ही दिवशी मी स्वतः पाह्यलं तिले. सिस्टर म्हणाली, "कुठं पाह्यलं?"

बाकड्यावर.

मी रेकॉर्ड उघडलं. सतरा मार्च, आठ वाजून पंधरा मिनिटं, जहांआरा शाकिर, गैरहजर. वीस मार्च, आठ पंधरा, गैरहजर. त्या दोन्ही दिवशी एसटी साडेआठच्या नंतर आली. तिच्या जागेवर दुसऱ्याले घेतलं, बाकी बॅचा भरलेल्या. नव्या सिस्टरनं स्क्रीनवर जे होतं तेच सांगतलं: नाव नाई, पुढच्या वाराले या.

कोड उघडायची गरज नव्हती. मले बसल्या जागी कळलं. ‘रमजानचा रुग्ण’ मी बेस क्लासमधून काढला, ‘बसचा रुग्ण’मधून नाई. त्यात ‘वाट पाहणे’ लिहिलंच नाई, मंग बेस क्लासचं लागू झालं, पंधरा मिनिटं. प्रकाराच्या खान्यात एकच बसते. मी ‘बसचा’ काढला अन् ‘रमजानचा’ टाकला, माझ्या हातानं. चाची रमजानमध्येही सोनाळ्याच्या एसटीनंच येत होती. तिचं गाव काही बदललं नव्हतं. नांदुऱ्याच्या तिघांले काहीच झालं नाई, ते पायी येतात.

सिस्टरनं तीन, सहा, दहा अन् तेरा, चारही दिवस तिले हातानं बसवलं होतं. मी ते बटन बंद केलं.

सिस्टर ओरडली नाई. ओरडली असती तं बरं झालं असतं. फाइल बंद करून म्हणाली, "मी जाताना नव्या मुलीले सांगायले पायजे होतं. मले वाटलं तू पाह्यलं असशील."

चाची खोटं काऊन बोलली? पाव्हणे होते म्हणून? का मले वाईट वाटू नाई म्हणून? सतरा तारखेले तं पाव्हणेही नव्हते.

गुरुवार, ३ एप्रिल
हिंमतराव सरांले सगळं सांगतलं. सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "प्रोग्रामची गोष्ट कोणाले समजणार आहे? कागदावर पेशंट गैरहजर आहे. तिचं दुखणं शेवटचंच होतं. तू हुशार मुलगा आहेस, तुह्या हातून अजून शंभर माणसं वाचतील." मी म्हटलं, "सर, ती आली होती." सर म्हणाले, "हे तुह्या-माझ्यात राहू दे. बस." मले गणित शिकवणारा माणूस हा.

पाव्हण्यांले फोन करून नाई म्हणून सांगतलं. कारण इचारलं तं म्हटलं, प्रोग्रामात चूक आहे. ते म्हणाले, दुरुस्त करून द्या, आम्ही थांबतो. मी फोन ठेवला.

बुधवार, ९ एप्रिल
सहा दिवस तेच काम. प्रकाराचा खाना मोडून टाकला. आता कोणी कशाचा ‘प्रकार’ नाई. एक रुग्ण, अन् त्याच्या मागं त्याच्या जेवढ्या अडचणी तेवढ्या एकाखाली एक: बस, रमजान, म्हातारपण, लहान लेकरू घरी. जितक्या लावाल तितक्या लागतात, एकीनं दुसरी मिटत नाई. अन् बेस क्लासमधून पंधरा मिनिटं काढली. वाट किती पाहायची हे प्रत्येकाचं लिहिल्याशिवाय आता प्रोग्राम चालूच होत नाई. बटन सिस्टरले परत दिलं, पासवर्ड काढला.

पहिल्याच वर्षी हे कॉलेजात शिकवलं होतं. पेपरात मी हेच लिहून चांगले मार्क घेतले होते.

माय म्हणते, जेवत नाई, वाळून गेला. तिले अजून काही सांगतलं नाई.

सोमवार, १४ एप्रिल
जयंती. वडनेरात डीजे, निळे झेंडे, सगळी पोरं नाचून राह्यली. मी घरात. माय पांढरं लुगडं नेसून विहारात निघाली अन् दारात थांबली. "कोणाचं काय केलं तू?" असं सरळ इचारलं. मायले कसं कळते कोण जाणे. मी सांगतलं, सगळं. ती पायरीवर बसली. मंग म्हणाली, "त्या माणसाले सांगतलं का?"

म्हटलं, नाई.

"मंग मले कायले सांगतं?" म्हणाली अन् गेली.

गुरुवार, १७ एप्रिल
सोनाळ्याले जाऊन आलो. मोटारसायकल असून मुद्दाम एसटीनं गेलो. मोठं कौतुक वाटलं मले स्वतःचं, हेही लिहून ठेवतो.

शाकिरचाचा दुकानात मशीनवर होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मले पाहून उठले, गळ्याले लावलं. "ये बेटा. ती तुही लय आठवण काढायची. म्हणायची, त्या पोरानं मले रमजानमध्ये पहिला नंबर दिला." आतून कोणाकडून तरी चहा आला. मी कप हातात घेतला नाई. म्हटलं, चाचा, आधी ऐका.

सांगतलं. खाका, बस, रमजान, पंधरा मिनिटं, बटन. रस्त्यात शब्द जुळवत आलो होतो, तशेच बोललो. शेवटी म्हटलं, "चाची माझ्यामुळं गेली. तुम्ही मले काहीही म्हणा."

चाचांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मले वाटलं आता मारतील. मनातून वाटत होतं मारावं.

"कोणत्या तारखा म्हटल्या तू?"

"सोमवार सतरा. गुरुवार वीस."

"सतरा तारखेले..." चाचा बोटं मोजू लागले. "सतरा तारखेले संध्याकाळी आली. मी इचारलं, झालं? म्हणाली, झालं, आज लय चांगलं झालं. भजे तळले तिनं. मी इथंच बसलो होतो. माझ्या हातात पायजमा होता. वीसले आली तवा बसता येईना. मी म्हटलं, मशीनवरून आलं का थकवा येतेच, झोप. मी मान वर करून पाह्यलं पण नाई बेटा. सरपंचाच्या नातवाचे कपडे होते."

मले हे माहीत नव्हतं. मी समजत होतो त्यांले निदान एवढं माहीत असेल, का तिचं डायलिसिस झालं नाई. चाचीनं त्यांलेही तेच सांगतलं होतं जे मले. काम सोडून ते तिच्याबरोबर निघतील, म्हणून असेल.

मी म्हटलं, "चाचा, चूक माझी आहे. तुमची नाई."

"तू काऊन आला?" आवाज चढला नाई त्यांचा. "कालपर्यंत मी म्हणत होतो, अल्लाची अमानत होती, अल्लानं नेली. तिचं सगळं केलं आपण, दोन वर्षं एकही वार चुकवला नाई. ह्याच्यावर मी रात्री झोपत होतो. तू आता गाडीत बसून वडनेरले जाशील, हलका होऊन. अन् मी हे कुठं ठेवू?"

माफ करा म्हटलं असेन, आठवत नाई. उठलो, चप्पल घातली.

"थांब," चाचा म्हणाले. "बाकड्यावर ती साडेआठपासून दीडपर्यंत बसली होती, दोन्ही दिवस?"

"हो."

"तिनं पाणी पेलं का? रोजा धरून बसली होती का तोडला होता? मले म्हणायची, डायलिसिसच्या दिवशी धरत नाई. खरं सांगायची का ते माहीत नाई. तू होता तिथं. तू पाह्यलं ना तिले?"

"पाह्यलं."

"मंग सांग ना."

मी दोन्ही दिवशी तिच्यासमोर उभा होतो, तिच्याशी बोललो होतो. मले माहीत नव्हतं. मी त्यांले तेच सांगतलं.